येसूबाईची चारची गाडी

येसूबाईच्या घरात घड्याळ नव्हतं आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नव्हतं. उमरठच्या पुढे डांबरी रस्ता जिथे संपतो त्या वाडीत तिचं घर, आणि अंगणासमोरच एसटी वळायची जागा. सकाळची गाडी सुटली की झाडलोट, दहाची आली की भात चुलीवर, चारची आली की गुरं वळवून आणायची, आणि अंधार पडल्यावर वस्तीची गाडी आली की पानं घ्यायची. ही शेवटची गाडी सकाळपर्यंत वाडीतच मुक्कामाला असे, आणि तिच्या ड्रायव्हर-कंडक्टरला जेवायला घालायचं काम येसूबाईकडे होतं. नवरा सोमा मुंबईला एका सोसायटीत वॉचमन, गणपतीला आणि शिमग्याला तेवढा घरी यायचा. घरात ती आणि तिसरीतली लेक शर्मिला. बारा वर्षांत आपल्या दारातून एकही ड्रायव्हर उपाशी गेला नाही असं ती सांगायची, आणि मला ते खरं वाटतं. सांगितलेलं काम सांगितल्याबरहुकूम करणारी माणसं मी आयुष्यात दोन-तीनच पाहिली. त्यातली ही एक, आणि तिच्या याच गुणानं आम्हां दोघींना रडकुंडीला आणलं.

मी कालिंदी. महाडच्या एका दवाखान्यात तेवीस वर्षं नर्स होते. तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण महाडात कुणालाही विचारलंत तरी हेच कळेल. गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीतली. आमच्या दवाखान्यात दर गुरुवारी पुण्याहून वैदेही मॅडम यायच्या, कातडीच्या डॉक्टर. पाटीवर त्यांनी मुद्दाम फक्त ‘त्वचारोग’ एवढंच रंगवून घेतलं होतं. तिथे ‘गुप्तरोग’ असं असतं तर आमचा जिना चढायला लोकांनी चार-चार दिवस विचार केला असता, आणि खालच्या रसवंतीवाल्याला चढणाऱ्यांची नावं तोंडपाठ झाली असती.

येसूबाई आली ती खरूज झालीय म्हणून. दाराला कडी लावल्यावर मग हळूहळू खरं बाहेर आलं. खाली, नाजूक जागी, मांसाचे बारीक कोंब आले होते. दिवाळीत एक होता, आता पाच-सहा झाले होते. तिला वाटत होतं मूळव्याध असेल. हे एवढं सांगायला तिला पाव तास लागला, आणि बाहेर पेशंट खोळंबलेले, त्यामुळे माझी आतल्या आत चरफड चालली होती. ते आठवलं की आजही लाज वाटते.

मॅडमनी तपासून सांगितलं, हे चामखीळच आहेत, फक्त अवघड जागी आलेत. एका विषाणूनं होतात, बहुतेक वेळा नवऱ्याकडून बायकोकडे येतात, औषध लावलं की जातात. तू पोटुशी नाहीस ना, असं त्यांनी दोनदा विचारलं, कारण गरोदर बाईला ते औषध चालत नाही. मग भोवतीच्या चांगल्या कातडीला व्हॅसलीन फासून त्यांनी कापसाच्या काडीनं ते तपकिरी, चिकट औषध एकेका कोंबाला लावलं.

“औषध जहाल आहे,” मॅडम म्हणाल्या. “चामखीळ जाळतं, पण जास्त वेळ राहिलं तर चांगली कातडीही जाळतं. चार तासांनी साबण लावून स्वच्छ धुवायचं. सिस्टर, यांना नीट समजावा.”

तेव्हा बारा वाजायला आले होते. येसूबाई मला म्हणाली, “चार तास कसं कळायचं सिस्टर? आमच्याकडं घड्याळ नाय.”

“चार वाजता तुमच्या वाडीत काय असतं?”

“चारची गाडी येते पोलादपूरची. ती कदी चुकत नाय.”

“मग झालं तर. गाडी आली की धुवायचं. त्याआधी थोडी आग झाली तरी हात लावायचा नाही. कळलं?”

कळलं, अशी तिनं मान हलवली. माझ्या हुशारीवर मीच इतकी खूश झाले की कौतुकाच्या अपेक्षेनं मॅडमकडे पाहिलं. त्या पुढच्या पेशंटचं नाव वाचत होत्या. येसूबाई हायवेच्या गाडीनं पोलादपूरला गेली, तिथून जीपनं दोनच्या आत घरी पोचली. पुढच्या गुरुवारी तिनं परत यायचं ठरलं होतं.

सोमवारी दवाखान्यात हैबती आला. हा वस्तीच्या गाडीचा कंडक्टर, मोठा बोलका माणूस, तिकीट फाडतानाही गावाची ख्यालीखुशाली विचारणारा. पोटात जळजळ होतेय म्हणत होता.

“काय खाल्लंत?” मी विचारलं.

“वडापाव. रोज वडापाव. येसूबाईनं शुक्रवारपासनं जेवण बंद केलंय आमचं.”

“का हो?”

“काय कळत नाय. पडवीत येकटीच बसलेली असते. तिची ताटली येगळी, तांब्या येगळा. पोरीला पन जवळ येऊ देत नाय. ती पोर उंबऱ्यावर बसून रडते, आन् ही हिकडं तोंड फिरवून बसते. काय झालंय इचारलं तर सांगत नाय.”

पेशंटची गोष्ट, त्याच्याशी बोलायची सोय नव्हती. मी त्याच्या हातावर गोळ्या ठेवल्या, डॉक्टरांकडे दुसऱ्या दिवसाची रजा मागितली, आणि मंगळवारी सकाळी मलमपट्टीची पिशवी घेऊन दहाच्या गाडीनं वाडीवर गेले.

ती पडवीत गोणपाटावर कुशीवर पडली होती. मला बघून उठायला गेली आणि कण्हून परत टेकली. “पुढं नका येऊ सिस्टर,” म्हणाली. “रोग फुटलाय माझा.”

“कसला रोग?”

“स्टँडवर बोर्ड लावलाय त्यो. हैबतीनं वाचून दावलेला मागं. ज्याला औषद नाय त्यो.”

एड्सचं नाव तिनं घेतलं नाही. त्या काळात फारसं कुणी घेत नसे. मी शर्मिलाला शेजारच्या घरातून पाणी तापवून आणायला पाठवलं, तिला हाताला धरून आत नेलं, दार लोटलं आणि तपासलं. कोंब काळे पडून गळून गेले होते. पण भोवतीची कातडी सोलवटून निघाली होती, लालभडक, सुजलेली, एका ठिकाणी पू धरलेला. अंगात बारीक ताप. लघवीला बसली की जीव जातो म्हणाली. वर तिनं हळद आणि तेल थापलेलं. तिच्या मनानं तो रोग आतून फुटून बाहेर आला होता.

मी भाजलेली माणसं पुष्कळ पाहिली होती. हे भाजणंच होतं.

“औषध धुतलंस कधी?”

“गाडी आल्यावर.”

“चारला?”

“चारची गाडी त्या दिशी आलीच नाय,” ती म्हणाली. “खाली ओढ्यावरच्या मोरीवर वाळूचा ट्रक आडवा झाला. हायस्कूलची पोरं चालत आली, बोलली गाडी मागून येतेच हाय. म्हणून मी बसून ऱ्हायले.”

“आणि मग?”

“मग वस्तीची आली. साडेआठ झाले असं हैबती बोलला. तेवा धुतलं.”

साडेआठ तास. चारच्या जागी साडेआठ तास ते औषध तिच्या अंगावर होतं. मी तोंड उघडलं ते तिला झापायलाच. अगं बाई, दिवस बुडाला, दिवे लागले, तेव्हा तरी कळू नये?

“आग नाही झाली?” एवढंच कसंबसं विचारलं.

“लय झाली. चुलीत बसल्यावानी. पर तुमी बोल्ला व्हतात, गाडी आली का धू, आग झाली तरी हात लावू नको. गाडी नाय आली, मंजे वेळ नाय झाली.”

मी तोंड मिटलं. तिनं माझा शब्द न् शब्द पाळला होता. धडधडीत चार तासांची गोष्ट मी एसटीच्या चाकाला बांधून दिली होती, आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. मला स्वतःचा असा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. मी तिला म्हटलं, “येसू, चूक माझी आहे. ही जखम रोगाची नाही. औषधानं भाजलंय तुला.”

तिनं विचारलं, “बिब्बा उततो तसं?”

“अगदी तसंच.”

हे तिला लगेच पटलं. बिब्ब्यानं अंगावर फोड आलेली माणसं तिनं ढिगानं पाहिली होती, आणि त्यातलं कुणी मेलेलं पाहिलं नव्हतं. तिचा चेहरा जरा सैल झाला. शर्मिलानं दाराशी आणून ठेवलेल्या पाण्याचं मी घमेल्यात कोमट मिठाचं पाणी करून तिला त्यात बसवलं. पहिल्यांदा ती कळवळली, मग म्हणाली, बरं वाटतंय. मलम लावलं, हळद बंद म्हणून दम दिला. आणि यावेळी वेळेचं सांगताना ‘सकाळी तोंड धुतल्यावर आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर’ असं सांगितलं, कारण सूर्य काही मोरीवर अडकत नाही.

पण येसूबाई भोळी असली तरी बावळट नव्हती. साडी नीट करता करता तिनं नेमका प्रश्न विचारला. “सिस्टर, त्यो कोंब सोमाकडनंच आला ना मला?”

“बहुतेक.”

“मग त्योच आला, आन् दुसरं काय नसंल आलं कशावरनं?”

इथे मला सहज खोटं बोलता आलं असतं. काही नसेल गं, म्हणून उठता आलं असतं. पण एकदा माझ्या शब्दावर विसंबून ती एवढी भाजली होती. मी म्हटलं, “मला माहीत नाही. हे चामखीळ वेगळे आणि तो रोग वेगळा. पण रक्त तपासल्याशिवाय खात्री देता येणार नाही. गुरुवारी ये, मॅडम रक्त घेतील. आणि दुसरं ऐक. तो रोग असला तरी ताटातून, तांब्यातून, पोटच्या पोरीला जवळ घेतल्यानं लागत नाही. बोर्डावर तेही लिहिलंय. तुझ्या हैबतीनं अर्धाच वाचला.”

मग मी तिचा तो वेगळा ठेवलेला तांब्या उचलला आणि त्यातलं पाणी प्याले. तिला समजलं होतं आणि पटलंही होतं, पण हात काही पुढे होईना. दारात शर्मिला पाण्याची दुसरी कासंडी धरून उभी होती. आईनं तिला ती दुरूनच खाली ठेवायला सांगितली.

“कागद येऊ दे,” येसूबाई मला हळूच म्हणाली. “कागद चांगला आला मंजे पोरीला घेईन.”

परतताना पोलादपूरच्या एसटीडी बूथवरून मी मॅडमना फोन लावला. सगळं ऐकून “सिस्टर, गाडीवर?” एवढंच म्हणाल्या. त्यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पू आटायच्या गोळ्या सांगितल्या, त्या मी अंगदुखीच्या म्हणून हैबतीबरोबर वाडीवर पाठवल्या. तेव्हापासून या औषधाच्या प्रत्येक पेशंटला मी चार तास दवाखान्यातच बसवून ठेवायचे आणि माझ्या डोळ्यांदेखत धुवायला लावायचे. लोक कुरकुरायचे, मी दुप्पट कुरकुरायचे.

गुरुवारी येसूबाई आली तेव्हा चालत जिना चढली. सूज उतरली होती, कडेनं नवी गुलाबी कातडी धरत होती. ताप गेला होता. मॅडमनी तिला सगळं समजावून, तिची परवानगी घेऊन रक्त काढलं. सोमा गणपतीत येऊन गेला त्याला पाच महिने होत आले होते, म्हणजे आता येईल तो रिपोर्ट भरवशाचा, असं त्या म्हणाल्या. बाटली त्या स्वतः पुण्याला नेणार होत्या आणि पुढच्या गुरुवारी कागद आणणार होत्या.

जाताना आम्ही दोघींनी जिन्यात उभ्या राहून ठरवलं. तिला पंधरा दिवसांत तिसरी फेरी जमणार नव्हती, लोकांच्या नजरेत आलं असतं. रिपोर्ट चांगला आला तर मी हैबतीबरोबर निरोप धाडायचा, ‘उद्यापासून जेवण सुरू कर.’ त्याला वाटेल सिस्टरनं पथ्य सोडलं.

“आन् वाईट आला तर?”

“तर मी स्वतः येईन. असली गोष्ट मी कुणाच्या तोंडून सांगणार नाही.”

ते आठ दिवस कसे गेले ते मला विचारू नका. रिपोर्ट तिचा, पण झोप माझीही उडाली होती. घरी आमटीत दोनदा मीठ घातलं आणि एकदा घातलंच नाही.

गुरुवारी मॅडम आल्या त्या पर्समधून पाकीट काढतच. निगेटिव्ह. मी तो कागद तीनदा वाचला, त्यावरचं नाव, तारीख, सगळं पडताळलं, आणि मग कुठे माझा जीव भांड्यात पडला. मॅडमसमोरच मी स्टुलावर बसले आणि डोळे पुसले. त्याही हसल्या. म्हणाल्या, “आता नवऱ्याला घेऊन ये म्हणावं.”

दिवसभर माझे पाय जमिनीवर नव्हते. सहाला दवाखाना सुटला, तशी मी स्टँडवर गेले, शर्मिलासाठी खारी-बटर घेतलं, आणि हैबतीला निरोप द्यायच्या ऐवजी सरळ वस्तीच्या गाडीतच चढून बसले. अशी बातमी कंडक्टरच्या हाती कशाला धाडायची? मला तिचं तोंड बघायचं होतं. हैबतीनं शेवटपर्यंतचं तिकीट फाडलं. रात्री येसूबाईकडेच राहायचं, असा माझा बेत होता.

गाडी पोलादपूर स्टँडात शिरत होती तेव्हा हैबती मागे वळून म्हणाला, “येसूबाईकडंच ना? दारातच उभी असंल बगा. हल्ली गाडी आली का दारात येऊन कोन उतरतंय त्ये बगत असते.”

वाईट असेल तर मी स्वतः येईन, असं मीच सांगून बसले होते. ती दारात उभी राहून हेच बघत होती, की मी उतरत नाही ना. आणि मी पिशवीत खारी-बटर घेऊन, हसत हसत तिच्यासमोर उतरायला निघाले होते. मी तोंड उघडून सांगेपर्यंत तिनं काय करून घेतलं असतं, देव जाणे. एकाच बाईला एकाच एसटीनं दोनदा भाजायची वेळ मी आणली होती.

मी उठले आणि पोलादपूरलाच खाली उतरले.

“अहो, तिकीट शेवटचं हाय तुमचं,” हैबती म्हणाला.

“असू दे. येसूबाईला निरोप द्या, उद्यापासून जेवण सुरू कर म्हणावं, सिस्टरनं सांगितलंय. आणि हे बटर तिच्या पोरीला.”

“येवढ्यासाठी तिकीट काढलंत?”

“माझी हौस. निरोप आजच द्यायचा. आणि मोरीवर गाडी सांभाळून घ्या.”

गाडी वळणाआड जाईपर्यंत मी तिथेच उभी होते. मग हायवेवरून महाडची गाडी पकडली. वाटेत एकटीच हसत होते, शेजारची बाई सरकून बसली.

पुढचं सगळं नीट झालं, तेही इथेच सांगून टाकते. शिमग्याला सोमा आला. त्याला मी दवाखान्यात असं फैलावर घेतलं की शेवटी येसूबाईच म्हणाली, पुरे सिस्टर, त्याला औषद तर लावू द्या. त्यालाही तेच औषध लागलं आणि त्यालाही चार तास बाकावर बसवलं. येसूबाईच्या जखमेच्या जागी एक पांढुरका डाग राहिला, बाकी काही नाही. पावसाळ्यात दोन कोंब परत आले, मॅडमनी आधी सांगितलंच होतं की येऊ शकतात, ते पुन्हा औषधानं गेले. मी तिला एक गजराचं घड्याळ दिलं. ते ती रोज चारच्या गाडीवर लावते, त्यापुढे मी हात टेकले.

तर निरोप धाडला त्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी आठच्या सुमारास हैबती दवाखान्याचा जिना चढून आला. हातात फडक्यात बांधलेला डबा. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी.

“येसूबाईनं दिलाय. रातीच चूल पेटवली तिनं. उद्यापासनं कशाला, बोलली, आत्ताच जेवा. झ्याक जेवलो.”

“निरोप दिलात ना नीट?”

“दिला तर. गाडी थांबली तर दारात उभीच. मी उतरलो, निरोप दिला, तर मलाच इचारते, सिस्टर नाय ना आल्या? बोललो, आल्या व्हत्या, पर पोलादपूरलाच उतरल्या. तर खाली बसली आन् हसाय लागली. तुमी दोगी काय येड्या हाव का?”

“आहोत थोड्या.”

तो जायला निघाला आणि पायरीवर थांबला. “येक सांगा पर तिला तुमी. ती पोर लय लाडावलीय. आमची पानं वाढताना पन आईच्या कडेवर. तिसरीत जाते, पाय लोंबत व्हते खाली. जेवली तर आईच्याच ताटात, तिच्याच हातनं. येवढ्या घोडीला काय शोभतं? जरा शिस्त लाव म्हणावं.”

सांगते, म्हटलं मी. अजून काही सांगितलेलं नाही.